जुनी तार तोडण्याआधी

सातबारा, बाजारभाव आणि मुलांचा अभ्यास आता इंटरनेटवर आला आहे. 2011 साली मंजूर झालेल्या, पुढे भारतनेट नाव मिळालेल्या योजनेतून ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याचे काम हाती घेतले गेले. तांब्याच्या तारेत अंतर वाढले की जोर घटतो. फायबर म्हणजे केसासारखी बारीक काच. तिच्यातून प्रकाश धावतो, म्हणून लांबवरही वेग टिकतो.

मात्र घाई करू नका. फायबर थेट घरात येणार की खांबापर्यंतच, हे विचारा. अनामत व मासिक भाडे लिहून घ्या. नवी जोडणी आठवडाभर नीट चालली, की मगच जुनी बंद करा. जुनी पेटी परत करून पावती घ्या, नाहीतर बिल येतच राहील. नव्या पेटीलाही वीज लागते. भारनियमनासाठी बॅटरीची सोय ठेवा.