घर तपासायला शिकवणारा वर्ग



मागील अंकात आमच्या घरकुल तपासणीच्या वर्गाचा एका ओळीत उल्लेख आला होता. त्यावर मंडळीतील कित्येकांनी विचारले, "घर तपासायला शिकायचे काय असते? तडा गेला तर तो कोणालाही दिसतो." प्रश्न रास्त आहे. पण तडा दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. आमचा वर्ग त्याच्या आधीच्या दिवसांविषयी आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

अमेरिकेत घर विकत घेणारा माणूस व्यवहार पक्का करण्याआधी तपासनिसाला बोलावतो. तेथे हा स्वतंत्र व्यवसाय आहे. या लोकांची एक संघटना १९७६ साली स्थापन झाली. हा तपासनीस भिंत फोडत नाही की फरशी उचलत नाही. तयार घरात डोळ्यांना जे दिसते तेवढे पाहून तो अहवाल देतो. आपल्या डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर सहसा कोणी घर विकत घेत नाही, बांधतात. त्यामुळे आपल्याकडे त्या तपासनिसाला कधीच मिळत नाही अशी एक संधी असते. सळई काँक्रीटखाली आणि वीट गिलाव्याखाली जाण्याआधी आपण तेथे उभे राहू शकतो.

प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागासाठी १ लाख २० हजार आणि डोंगरी व दुर्गम भागासाठी १ लाख ३० हजार रुपये मिळतात. कातकरी, कोलाम, माडिया गोंड या जमातींना २०२३ पासूनच्या जनमन योजनेत २ लाख रुपये आहेत. पैसे हप्त्याने खात्यावर येतात आणि प्रत्येक टप्प्याला मोबाइलवर फोटो काढून पाठवावा लागतो. फोटोत जोते दिसते. जोत्यात काय भरले, ते दिसत नाही. कंत्राटदार नेमायचा नाही, लाभार्थ्यानेच घर बांधून घ्यायचे, असा योजनेचा नियम आहे. नियम चांगला आहे, पण ज्या आजीने जन्मभर कारवीच्या कुडात दिवस काढले तिने सिमेंटच्या कामावर देखरेख कशी करायची, हे तिला कोणी सांगितलेले नसते.

आणि या भागात जमीन हलते. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू आणि तलासरी तालुक्यांत धक्क्यांची मालिका सुरू झाली तेव्हा लोक थंडीत घराबाहेर झोपत होते, हे आपल्याला आठवत असेल. शेणमातीने लिंपलेला कूड हलका असतो. तो डोलतो, माती गळते, पुन्हा लिंपता येते. वाईट बांधलेली विटांची भिंत मात्र डोलत नाही, कोसळते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत जड दगडमातीच्या भिंतींनीच झोपलेल्या माणसांना गाठले होते.

बांधकामावर देखरेख करण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे शिकवणे सोपे वाटले होते. पहिल्या वर्गात मी फळ्यावर आकृत्या काढल्या आणि मुलांनी त्या वहीत सुरेख उतरवल्या. "कॉलमला किती कव्हर?" "चाळीस मिलिमीटर!" सगळे एका सुरात. मग त्यांना चालू कामावर नेले, तर कॉलमच्या सळया पेटीच्या फळ्यांना चिकटलेल्या असूनही एकालाही त्या दिसल्या नाहीत. चूक माझी होती. मी उत्तरे शिकवली होती, पाहायला शिकवले नव्हते.

आता पहिल्या दिवशी फळा नसतोच. प्रत्येकाने आपापल्या पाड्यावरची रेती बाटलीत आणायची. बाटली तिसरा हिस्सा रेतीने भरायची, वर पाणी, चिमूटभर मीठ, खूप हलवायची आणि तीन तास ठेवून द्यायची. खाली रेती बसते, तिच्यावर गाळाचा थर बसतो. शंभर मिलिमीटर रेतीवर आठ मिलिमीटरपेक्षा जास्त गाळ असेल तर ती रेती धुतल्याशिवाय वापरायची नाही. बाटल्या खिडकीत ओळीने लागल्या की कोणाच्या ओहोळाची रेती कशी आहे यावर वाद होतात. तो वाद मी थांबवत नाही. दुपारी विटा: दोन विटा एकमेकींवर आपटल्या की खणखणीत आवाज यायला हवा. दिवसभर पाण्यात ठेवलेली तीन किलोची वीट सहाशे ग्रॅमपेक्षा जास्त पाणी प्यायली तर ती कच्ची.

सर्वांत जास्त वेळ आम्ही पाण्याला देतो. स्लॅबच्या मालात सिमेंटच्या एका गोणीला फार तर तीस लिटर, म्हणजे पंधरा लिटरच्या दोन बादल्या पाणी पुरते. रेती ओली असेल तर त्याहून कमी. माल सहज सरकावा म्हणून गवंडी तिसरी बादली ओततो. त्याला तसे काम हलके जाते, पण जास्तीचे पाणी उडून गेले की काँक्रीटमध्ये पोकळ्या राहतात. माल घट्ट झाल्यावर हिशोब उलटा होतो, आता पाणी भरपूर हवे. हल्ली मिळणाऱ्या बहुतेक सिमेंटला निदान दहा दिवस ओल टिकवावी लागते. एप्रिल-मे महिन्यांत, विहिरीने तळ गाठलेला असताना, हे सांगायला जिवावर येते.

हादऱ्यासाठी दोन गोष्टी आवर्जून दाखवतो. जोत्यावर आणि लिंटेलच्या उंचीवर काँक्रीटचा पट्टा चारही भिंतींवरून सलग फिरायला हवा. नुसता दारावर तुकडा टाकून भागत नाही. आणि कॉलमच्या रिंगेची टोके आत, कॉलमच्या पोटात वळलेली हवीत. काटकोनात दुमडलेली टोके हादऱ्यात उघडतात. ओळंबा, गुण्या, पाण्याची लेव्हल नळी मुले अर्ध्या दिवसात शिकतात.

खरे अवघड आहे ते बोलणे. आमच्या मुलामुलींच्या हातात कसलाही अधिकार नाही. ती सरकारी अभियंता नव्हेत. घरमालकाने बोलावले तरच जातात. समोरचा गवंडी बहुधा नात्यातला असतो आणि वयाने मोठा. म्हणून वहीत निकाल लिहायचा नाही, दिसले ते लिहायचे, असा आमचा नियम आहे. "काम खराब आहे" असे नव्हे, तर "सळई फळीला टेकली आहे, मध्ये बोट जात नाही."

गेल्या उन्हाळ्यात वर्गातली एक मुलगी तिच्या मावशीच्या घरकुलावर गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी स्लॅब भरायचा होता, मिक्सर भाड्याने ठरला होता. सळया सेंट्रिंगच्या पत्र्यावर सपाट पडलेल्या, एकही कव्हर ब्लॉक नाही. गवंडी तिचा सख्खा मामा. तिने वही उघडून वाचले, "मामा, सळई पत्र्याला लागली आहे. वीस मिलिमीटर उचललेली नाही."

मामा म्हणाला, "वीस वर्षे असेच भरतो आहे."

"मग पावसाळ्यात छताची खपली पडून सळई कुठे उघडी पडली आहे, ते तुम्हालाच माहीत असेल," ती म्हणाली. मामा गप्प राहिला. त्याने स्वतः भरलेल्या शाळेजवळच्या एका घराचे छत तसे झाले आहे, हे दोघांनाही ठाऊक होते. मावशी मात्र चिडली, कारण मिक्सरचे भाडे बुडणार होते. शेवटी मिक्सरवाल्याला फोन करून दोन दिवस मागून घेतले, दुकानातून प्लास्टिकचे तयार कव्हर ब्लॉक आणले आणि मामाने स्वतःच ते एकेक करून सळईखाली सरकवले.

तिची वही माझ्याकडे आहे. स्लॅबची तारीख, गोण्या, बादल्या आणि त्यापुढे रोजच्या पाण्याची नोंद. सात दिवस बरोबरच्या खुणा आहेत. आठव्या दिवशी लिहिले आहे, "टँकर आला नाही. ओली पोती टाकली, वर प्लास्टिक." नवव्या आणि दहाव्या दिवशीही पोतीच.