एका जुवाखाली दोन घरं

शर्यत रविवारी असते, पण तिची पहिली हालचाल मंगळवार-बुधवारीच फोनवर सुरू होते. ‘बापू, तुमचा डाव्या खांद्याला पळतो न्हवं? मग या मैदानाला आमच्याबरोबर घालताय का?’ पलीकडून लगेच होकार येत नाही. बैलाचं पोट कसं आहे, मागच्या मैदानात खूर दुखावला होता तो भरला का, ड्रायव्हर कोण बसणार, बक्षीस लागलं तर वाटणी कशी, हे सगळं बोलून होतं. मग ‘बघू, सांजच्याला सांगतो’ असं म्हणून फोन ठेवला जातो. सातारा-सांगलीच्या पट्ट्यातल्या बैलगाडी शर्यतीचा खरा पाया म्हणजे हा फोन. कारण इथे मैदानात जी जोडी पळताना दिसते, ती बहुतेक वेळा एका दावणीची नसते. एक बैल माणच्या माळावरचा, दुसरा वाळव्याच्या उसाच्या शिवारातला. दोन घरांचे दोन बैल एका दिवसापुरते एका जुवाखाली येतात आणि संध्याकाळी आपापल्या गोठ्यात परत जातात.

बैलांची ही ये-जा बघायची तर मलकापुरात. कराडला लागूनच, पुणे-बेंगळुरू महामार्गाच्या दोन्ही अंगांनी वाढलेलं मलकापूर बाहेरच्या लोकांना कृष्णा हॉस्पिटलमुळे माहीत असतं, नाहीतर चोवीस तास नळाला पाणी देणारं गाव म्हणून. वर आगाशिवाचा डोंगर आणि त्यातली लेणी, जरा पलीकडे कराडचा प्रीतिसंगम. शर्यतीच्या हंगामात मात्र या गावाची ओळख शनिवारी रात्री आणि रविवारी पहाटे महामार्गावरच होते. हौद्यात उसाचं पाचट किंवा गवत अंथरलेले पिकअप एकामागून एक जातात. आत झूल पांघरलेला बैल, त्याच्या डोक्याशी उभं राहिलेलं एखादं पोरगं, टपावर उलटी बांधलेली छकडी, म्हणजे शर्यतीची हलकी गाडी. कोणी विट्याकडे वळतो, कोणी पुसेसावळीच्या बाजूला, कोणी सरळ खाली इस्लामपूरकडे. काचेवर मालकाचं नाव नसतं, बैलाचं असतं.

आपल्या राज्यात या खेळाच्या तऱ्हा वेगवेगळ्या आहेत. जुन्नर, आंबेगाव, खेडकडे घाट असतो. तिथे चार बैल चढावर पळतात, पुढे घोडी असते. मिरज-जतपासून सीमाभागात आणि कोल्हापूरकडे रस्त्यावरच्या लांब पल्ल्याच्या शर्यती. सातारा आणि सांगलीच्या माळावर मात्र दोन बैल, एक हलकी छकडी, तिच्यावर एकच ड्रायव्हर आणि नांगरून-फणून आखलेले सरळ तास. तास म्हणजे प्रत्येक गाडीची पळायची पट्टी. एका फेऱ्यात सहा-सात-आठ गाड्या सुटतात. कोणत्या गटात, कोणत्या तासावर, हे चिठ्ठी ठरवते. गटातला पहिला सेमी फायनलला, तिथला पहिला फायनलला. गाडीनं आपला तास सोडून दुसऱ्याच्या तासात चाक घातलं की ती बाद. प्रत्यक्ष पळ अर्ध्या मिनिटाच्या आत संपतो. सकाळी सातपासून दिवस मावळेपर्यंत माणसं उन्हात उभी राहतात, ती या अशा तुकड्यांसाठी.

जोडी जमवणं हे या खेळातलं सगळ्यात अवघड आणि सगळ्यात कमी बोललं जाणारं कसब. नुसते दोन वेगवान बैल एकत्र घातले म्हणजे गाडी पळत नाही. काही बैल फक्त उजव्या खांद्याला पळतात, काही फक्त डाव्या. जो दोन्ही खांद्यांनी पळतो त्याला मागणी जास्त, कारण त्याला जोडीदार मिळवणं सोपं. मग दुसरा प्रश्न गर्दीचा. कडेच्या तासावर, माणसांच्या भिंतीला घासून पळायची वेळ आली तर काही बैल बुजतात आणि आत रेलतात. त्यामुळे जोडीदाराचा पळ मोडतो. जो बुजत नाही त्याच्याबद्दल ‘पब्लिकला पळतो’ असं सांगतात, आणि हे प्रशस्तिपत्र साधं नाही. तिसरी गोष्ट सुट्टीची, म्हणजे गाडी सुटण्याची. एखादा झेंडा पडताक्षणी उसळी घेतो पण पुढे ढिला पडतो. दुसरा उशिरा लागतो पण शेवटच्या निशाणापाशी तोडतो. दोघांची गाठ पडली आणि उंची, पावलाची लांबी, तापटपणा जुळला, तर मात्र दोन बैलांची आठ पावलं एकदम पडतात आणि लांबून बघणाऱ्यालाही छकडी जमिनीवरून सरकल्यासारखी दिसते. हे गणित कुठल्या पुस्तकात नाही. ते मैदानांमागून मैदानं पाहिलेल्या आण्णा-तात्यांच्या डोक्यात असतं, आणि अलीकडे वीस-बावीस वर्षांच्या पोरांच्या मोबाइलमध्येही. पोरं जुन्या फायनलचे व्हिडिओ सावकाश चालवून कोणत्या बैलानं कुठं मान टाकली ते बघतात.

इथे मला परदेशातल्या मोटारींच्या शर्यती आठवल्याशिवाय राहत नाहीत. फ्रान्समधली ल मान्सची चोवीस तासांची शर्यत १९२३ पासूनची, बेल्जियममधली स्पाची १९२४ पासूनची. तिथल्या ग्रँड टूरिंग वर्गात रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या पोर्शे, फेरारी, बीएमडब्ल्यू यांच्या शर्यतीसाठी बांधलेल्या आवृत्त्या उतरतात. कुठलीच कंपनी एकतर्फी पुढे जाऊ नये म्हणून वेगवान मोटारीवर जादा वजन चढवतात, इंजिनाची ताकद आवळतात. एका मोटारीला एकापेक्षा जास्त चालक असतात, त्यांना ब्राँझपासून प्लॅटिनमपर्यंत श्रेणी दिलेली असते, आणि बऱ्याच गटांत कसलेल्या व्यावसायिकाबरोबर हौशी चालक घ्यावाच लागतो. आपल्या माळावर हाच विचार आपल्या रीतीनं झाला आहे. नव्या खोंडाला पहिल्यांदा मैदान दाखवायचं तर त्याच्याबरोबर शहाणा, मैदानं मारलेला बैल जुंपतात. शहाणा बैल तास सोडत नाही, आणि खोंड त्याच्या अंगाला अंग लावून सरळ पळायला शिकतो. वजन चढवून बरोबरी साधायची पद्धत मात्र इथे नाही. इथली बरोबरी दातांवरून होते.

आदत गटाच्या मैदानात नोंदणीच्या टेबलाजवळ हे जवळून बघण्यासारखं असतं. एक जण वेसण धरून बैलाचं तोंड उचलतो, दुसरा अंगठ्यानं खालचा ओठ ओढतो. गुरांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच, तिथे नुसतं घट्ट हिरडं असतं. सगळा हिशेब खालच्या आठ दातांचा. आठही दुधाचे, म्हणजे बारीक आणि मुळाशी निमुळते असतील तर तो आदत. साधारण अडीच वर्षांच्या आसपास मधले दोन पडून त्यांच्या जागी रुंद, फावड्यासारखे कायमचे दात येतात, तो दुसा. मग चौसा, सहादाती, आणि आठही आले की जुळला. ज्याचा एक दात हलतोय, अशा खोंडावरून टेबलापाशी वाद पेटतो. पंच पुन्हा वाकतो, बोट लावून बघतो. बैल तेवढ्यात फुरफुरतो आणि पंचाचा हात कोपरापर्यंत लाळेनं भरतो. निकाल लागतो तो या तपासणीवर. जन्माचा दाखला इथे कोणी मागत नाही.

पळणारा बैल बहुतेक खिलार, काही म्हैसुरी वळणाचे. खिलारचं मूळ माणदेशात: माण, खटाव, आटपाडी, जत, सांगोला. पाऊस कमी, रान खडकाळ, चारा तोकडा. त्या मुलखात टिकलेलं हे जनावर म्हणून त्याची कातडी अंगाला चिकटलेली, पाय लांब, खूर काळे आणि कठीण. शिंगं, डोळ्यांच्या कडा आणि खूर काळेभोर असले की काजळी खिलार. मानेवर करडी झाक असली की कोसा. खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या यात्रेत आणि पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत या जनावरांचे बाजार पिढ्यान्‌पिढ्या भरत आले आहेत. पुसेगावची शर्यत तर या भागातल्या मानाच्या मैदानांपैकी एक.

अशा बैलाची बडदास्त घरातल्या माणसापेक्षा जास्त. मक्याचा भरडा, शेंगदाण्याची पेंड, उडदाचं पीठ, दूध, अंडी, खारीक. सकाळ-संध्याकाळ चालणी, जमेल तिथे नदीत पोहणी. एरवी मुलाच्या दुधाचा हिशेब ठेवणारी घरातली बाई या बैलासाठी वेगळी चरवी काढून ठेवते. त्याला कामाला जुंपत नाहीत. कामाला ट्रॅक्टर आहे, आणि खिलारच्या प्रश्नाचं मूळही तिथेच आहे. नांगर, मोट, गाडी ही सगळी कामं गेल्यावर खिलार बैल पाळायचं कारण एकच उरलं, शर्यत.

तेही सात वर्षं काढून घेतलं गेलं. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं जल्लिकट्टूबरोबर बैलगाडी शर्यतींवरही बंदी आणली. महाराष्ट्रानं २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, पण त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयानं शर्यतींना परवानगी द्यायला मनाई केली. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं राज्याच्या नियमांनुसार शर्यती भरवायला वाट मोकळी केली, आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांचे कायदे वैध ठरवले. त्या दिवशी माणदेशात गुलाल उधळला गेला.

मला तो गुलाल समजतो, पण बंदी का आली होती तेही विसरू नये असं वाटतं. शेपट्या पिरगाळणं, दातांनी चावणं, खिळे लावलेल्या काठ्या, बॅटरीचे झटके हे सगळं या खेळात होतं आणि ते बघून मान खाली घालणारे शौकीनही होते. आता नियमानुसार जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, पल्ला एक हजार मीटरच्या आत ठेवावा लागतो, पशुवैद्याचा दाखला लागतो. चाबूक, काठी, झटका यांना मनाई आहे. क्रूरता केली तर पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. हे नियम कडक आहेत असं कुरकुरणाऱ्यांना मी एवढंच सांगतो की जोडी नीट जमली असेल तर काठीची गरज लागत नाही. काठी उगारावी लागते ती बेमेळ जोडीवर, थकलेल्या बैलावर, आणि ती उगारायला लावतो पैज लावून बसलेला मालक. जुने जाणते ड्रायव्हर कासरा ढिला सोडून नुसत्या आवाजावर गाडी काढतात. अशांच्या हाती आपला बैल द्यायला दुसऱ्या गावचा मालकही तयार होतो. नियम मोडणाऱ्या मैदानावर बैल न नेणं हे मालकांच्याच हातात आहे. क्रूरतेखेरीज दुसरी कमतरता माणसांच्या सुरक्षेची. निशाणापाशी दोन्ही बाजूंनी गर्दी तासाला खेटते, मोबाइल पुढे काढलेले हात चाकाजवळ येतात. बिथरलेली गाडी गर्दीत शिरून माणसं जखमी झाल्याच्या, दगावल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. बक्षिसाच्या रकमेत थोडी काटछाट करून पक्के कठडे उभारले तर कुठल्याच शौकिनाचा नाद कमी होणार नाही.

बंदी उठल्यावर पैसा मात्र जोरात आला. खानापूर तालुक्यातल्या भाळवणीला २०२३ मध्ये झालेल्या रुस्तम-ए-हिंद मैदानात पहिलं बक्षीस थार गाडी होती, आणि ती बकासूर आणि महिब्या या जोडीनं नेली. २०२५ मध्ये कवठेमहांकाळ तालुक्यातल्या बोरगावच्या मैदानात फॉर्च्युनर ठेवली गेली. ही दोन्ही मैदानं डबल महाराष्ट्र केसरी पैलवान चंद्रहार पाटील यांनी भरवलेली. कुस्तीच्या आखाड्यातला माणूस शर्यतीच्या माळावर यावा यात नवल नाही. या भागात तालीम आणि दावण एकाच अंगणात असतात. नावाजलेल्या बैलांना आज लाखांत मागणी येते, त्यांचे चाहते टोप्या आणि टी-शर्ट घालून फिरतात, आणि समालोचकाच्या तोंडी बैलाची आधीची मैदानं धाडधाड येतात.

एवढ्या सगळ्यात एक जनावर मैदानात कधीच दिसत नाही. खिलार गाय दूध थोडं देते. वासराला पाजून उरेल तेवढंच. डेअरीला घालायला संकरित गाय परवडते, म्हणून खिलार गाय विकणारं घर आपण जवळपास प्रत्येक गावात बघतो. पळणारा खोंड मात्र तिच्याच पोटी येतो. मैदान मारलेल्या बैलाचं नाव, खांदा, मालक, जोडीदार सगळ्यांना पाठ असतं. त्याची आई कुठल्या गोठ्यात होती हे विचारलं तर बहुतेकांना आठवावं लागतं. यात्रांमधल्या जनावरांच्या प्रदर्शनांत खिलार गाय आणि कालवडीला बक्षिसं ठेवायची जुनी चाल आहे, पण ती रक्कम शर्यतीच्या बक्षिसाशेजारी ठेवण्याजोगी नसते. प्रवेश फीचा एक ठरावीक हिस्सा खिलार गाय राखणाऱ्या घरांना द्यावा आणि विजयी बैलाबरोबर त्याच्या आईच्या मालकाचंही नाव पुकारावं, एवढी सोय मैदान भरवणाऱ्या कमिट्यांनी या हंगामापासून करायला काही अडचण नाही. त्यासाठी सरकारचा हुकूमही लागत नाही. टेबलावरच्या नोंदवहीत एक रकाना वाढवला की झालं.