सहा महिन्यांचे पेशवे

मळवलीहून लोहगड चढणाऱ्यांस गडावर नाना फडणविसांनीं बांधविलेली बाव पाहावयास मिळते. आपलें द्रव्य व कुटुंब संकटकाळीं सुरक्षित असावें, म्हणून नानांनीं मावळांतील हा बळकट किल्ला हाताशीं राखिला होता. परंतु त्याच काळच्या राजकारणांत सांपडलेल्या एका मुलास मात्र असा आश्रय लाभला नाहीं. ते दुसरे चिमाजीअप्पा होत.

जपानांत इएत्सुगु तोकुगावा हा १७१३ सालीं वयाच्या चौथ्या वर्षीं शोगुन झाला व १७१६ त वारला. नांव बालकाचें, कारभार प्रौढांचा, असाच तो प्रकार होता. आपल्याकडील कथा याहून करुण आहे.

चिमाजीअप्पांचा जन्म पिता रघुनाथराव वारल्यावर, १७८४ त झाला. २७ ऑक्टोबर १७९५ रोजीं सवाई माधवराव निपुत्रिक वारले. आतां हक्क चिमाजींचे वडील बंधु बाजीराव यांचा. परंतु कारभाऱ्यांच्या डावपेचांत बाजीराव मागें पडले, आणि मे १७९६ मध्यें परशुरामभाऊ पटवर्धनांनीं चिमाजींस पुण्यास आणिलें. भावाची गादी घेण्यास मुलगा राजी नव्हता. तरी त्यास सवाई माधवरावांच्या पत्नी यशोदाबाई यांच्या मांडीवर दत्तक देऊन पेशवाईचीं वस्त्रें दिलीं.

येथें नातें पाहावें. चिमाजी हे नारायणरावांचे चुलतबंधु, अर्थात् सवाई माधवरावांचे चुलते. चुलता पुतण्याचा पुत्र झाला, आणि नात्यानें सून लागणारी अल्पवयी विधवा त्याची माता झाली! दत्तकाच्या ठायीं ‘पुत्रच्छाया’ असावी, असें सांगून नंदपंडितांच्या ‘दत्तकमीमांसे’नें चुलत्यास स्पष्ट वगळलें आहे. कार्य साधावयाचें होतें, तोंवर हें कोणासही आठवलें नाहीं.

पुढें नानांनीं महाडास राहून सूत्रें फिरविलीं व डिसेंबर १७९६ त बाजीराव पेशवे झाले. तेव्हां शास्त्र आठवलें. दत्तविधान रद्द ठरलें आणि प्रायश्चित्त घ्यावें लागलें तें चिमाजींस! १८१८ त लोहगड इंग्रजांकडे गेला, पेशवाई बुडाली. चिमाजी काशीस जाऊन राहिले व तेथेंच १८३० त निवर्तले.

संकल्प वडिलांनीं सोडावा आणि प्रायश्चित्त मुलांनीं करावें, हा प्रकार राजवाड्यांतच घडतो असें नाहीं. दत्तक असो, विवाह असो वा विद्येची निवड असो, ज्याच्या जन्माचा प्रश्न आहे त्यास आधीं एक शब्द विचारावा. त्यानें वडिलकीस कमीपणा येत नाहीं.