मावशी, तूच सांग ना आईला!

आमच्या भिशीत एक ठरलेला विनोद आहे. ‘सोमवारी सकाळी हिला फोन करू नका, हिची मॅच असते.’ नव्या मैत्रिणींना वाटतं, क्रिकेट असणार. नाही हो, मी बघते ते अमेरिकन फुटबॉल! पुण्यात जन्मलेली, मराठी घेऊन बी. ए. झालेली, सत्तेचाळिशीची बाई मोबाइल फोडणीच्या डब्याला टेकवून हेल्मेटवाल्यांची धक्काबुक्की बघते म्हटल्यावर हसू येणारच. आमचे हे तर म्हणतात, ‘पोहे लागले तरी चालतील, पण त्यांचा टचडाऊन चुकता कामा नये.’

हे वेड मला लागलं ते एका बाळंतपणापायी. २०११ च्या नोव्हेंबरात धाकट्या बहिणीचे दिवस भरले होते. ती न्यू जर्सीला. आईचे गुडघे धरलेले, म्हणून मीच गेले, पहिलीतल्या लेकीला सासूबाईंकडे ठेवून. डिंकाचे लाडू, बाळाची मालिश, धुरी हे सगळं आटोपलं की बाहेर बर्फ आणि घरात टीव्ही. बहिणीचे यजमान ‘जायंट्स’ या संघाचे भक्त. संघाचं नाव न्यूयॉर्कचं, पण मैदान न्यू जर्सीत. त्यांनी मला खेळ समजावला. अकरा विरुद्ध अकरा. लांबुळका चेंडू घेऊन चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाही जमलं तर चेंडू दुसऱ्यांचा. समोरचे अंगावर येऊन पाडणार. मला तर ती कबड्डीच वाटली, फक्त चिलखत घातलेली!

त्या वर्षी जायंट्स अंतिम सामन्यात, म्हणजे सुपर बोलमध्ये पोहोचले. ५ फेब्रुवारी २०१२. शेवटचं मिनिट उरलेलं, आपण दोन गुणांनी मागे. ब्रॅडशॉ नावाचा खेळाडू चेंडू घेऊन रेषेपाशी आला, आणि समोरच्यांनी त्याला मुद्दाम वाट करून दिली! त्याने लगेच गुण घेतले असते तर त्यांना उलट हल्ल्याला वेळ मिळणार होता. त्याच्या ते लक्षात आलं, तो थांबायला गेला, आणि तोल जाऊन रेषेपलीकडे चक्क बसला. गुण मिळाले. २१-१७ ने जिंकलो. अडीच महिन्यांचा भाचा माझ्या मांडीवर होता. मी ओरडले, तो दचकून रडायला लागला आणि बहिणीने मला फैलावर घेतलं. तेव्हापासून मी जायंट्सची.

परत आले तर पुण्याचाही संघ निघालेला! खोटं नाही सांगत. त्याच वर्षी भारतात ‘एलिट फुटबॉल लीग’ सुरू झाली होती आणि आपल्या संघाचं नाव होतं ‘पुणे मराठाज’. सामने झाले श्रीलंकेत, कोलंबोला. अंतिम सामन्यात मराठाजनी दिल्लीला ६-० ने हरवलं. पुणं पहिलं विजेतं झालं, पण पुण्यात कुणाला पत्ता नाही. लक्ष्मी रोडवर विचारून बघा. आपल्या गावात एक सामना नाही, शाळेच्या मैदानावर कुणी तो चेंडू फेकलेला नाही, तर संघ रुजणार कसा? पुढे ‘पुणेरी पलटण’ आली. तिचे सामने बालेवाडीला झाले, पोरं बघायला गेली, म्हणून २०२४ ला ती कबड्डीची लीग जिंकली तेव्हा आमच्या वस्तीत फटाके वाजले.

असो. चाहती म्हणून माझं सुख थोडं आणि वैताग फार. २०२४ च्या सुरुवातीला जायंट्सनी सेक्वॉन बार्कलीसारखा धावणारा सोडला. तो गेला शेजारच्या फिलाडेल्फियाच्या ईगल्सकडे, त्याच मोसमात दोन हजारांवर यार्ड धावला आणि आपल्या वाढदिवशी सुपर बोल जिंकला. आमचे जायंट्स? सतरा सामन्यांत तीन विजय. घरातला शहाणा मुलगा जायला निघाला तरी दारात उभं राहून बघत बसणाऱ्या माणसांना काय म्हणावं?

पण आज लिहायला बसले ती हे रडगाणं गाण्यासाठी नाही. मांडीवरचा तो भाचा आता चौदा वर्षांचा झालाय. येत्या सप्टेंबरात नववीत जाईल. त्याला शाळेच्या संघात खेळायचंय, हेल्मेटवाल्या खऱ्या फुटबॉलमध्ये. बहीण ‘नाही’वर ठाम, तिचे यजमान ‘खेळू दे की’ म्हणतात. गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. ‘मावशी, तूच सांग ना आईला! तुला तर खेळ कळतो.’

हो, कळतो. तीच तर पंचाईत आहे.

२०२३ च्या ३ जानेवारीची सकाळ मला आठवते. सावित्रीबाईंची जयंती, शाळेत आमच्या मंडळाचा कार्यक्रम होता. साडी नेसता नेसता मी सामना लावला होता. बफेलोचा डामर हॅमलिन एकाला पाडून उठला, दोन पावलं चालला आणि कोसळला. छातीवर बसलेल्या धक्क्याने हृदय बंद पडलं होतं. मैदानावरच छाती दाबून ते पुन्हा चालू केलं. सगळे खेळाडू गोल करून गुडघ्यावर बसून रडत होते. तो वाचला, सात महिन्यांत पुन्हा मैदानातही आला. त्यानंतर आम्ही डॉक्टरांना बोलावून बचत गटातल्या बायकांना छाती कशी दाबायची ते शिकवलं, एवढं एक चांगलं झालं.

पण तो अपघात, लाखात एखादा. मला खरी भीती आहे ती रोजच्या धक्क्यांची. हेल्मेट कवटी वाचवतं. मेंदूचं काय? नारळ हलवला की आत पाणी हिंदकळतं ना, तसा तो आत हलतो. पिट्सबर्गचा माईक वेब्स्टर हा नावाजलेला खेळाडू २००२ मध्ये पन्नाशीत गेला. त्याआधी त्याचा संसार मोडला होता, स्मरण गेलं होतं. डॉ. बेनेट ओमालू या नायजेरियातून आलेल्या डॉक्टरांनी त्याचा मेंदू तपासला. वारंवार बसलेल्या धक्क्यांनी मेंदू झिजत जाण्याचा हा आजार, त्याला सीटीई म्हणतात. त्यांनी २००५ मध्ये शोध छापला तर लीगच्या डॉक्टरांनी तो मागे घ्यायला सांगितलं! फुटबॉलचा आणि या आजाराचा संबंध आहे, हे लीगच्या बड्या अधिकाऱ्याने उघड मान्य केलं ते २०१६ मध्ये. पुढच्या वर्षी बोस्टनच्या संशोधकांनी या लीगच्या १११ मृत खेळाडूंचे मेंदू तपासले, ११० मध्ये आजार सापडला. ज्यांना आधीच शंका होती अशाच घरांनी बहुतेक मेंदू दिले होते, म्हणजे सगळ्याच खेळाडूंना तो होतो असं नाही. पण आई ११० हा आकडा वाचते, पुढचं वाक्य वाचत नाही. आणि जिवंतपणी याचं पक्कं निदान होत नाही.

लीग काहीच करत नाही, असं मी म्हणणार नाही. २०२४ पासून सुरुवातीच्या किकचा नियम बदलला, जेणेकरून माणसं लांबून धावत येऊन आपटू नयेत. पाय अडकवून पाडण्याचा एक प्रकार बंद केला. हे चांगलंच. पण दुसऱ्या हाताने काय चाललंय? २०२१ ला सोळाचे सतरा सामने केले आणि आता अठराची भाषा. मायामीचा टुआ २०२२ मध्ये रविवारी मैदानात झोकांड्या खात होता, पाठ दुखतेय म्हणाले, गुरुवारी पुन्हा उतरवला, आणि त्या रात्री स्ट्रेचरवरून नेला. चार दिवसांची विश्रांती! आमच्या जायंट्सचंही सांगते. २०२५ च्या ऑक्टोबरात आमचा कोवळा जॅक्सन डार्ट डोक्याच्या तपासणीसाठी तंबूत होता, तर प्रशिक्षक आत डोकावले. संघाला दोन लाख डॉलर दंड, त्यांना एक लाख. दंड योग्यच होता. मी चाहती असले तरी हेच म्हणेन. महिन्याभरात त्या पोराला खरंच डोक्याला मार बसला.

जिथे कोट्यवधी डॉलर, डझनभर डॉक्टर आणि अख्ख्या देशाचे कॅमेरे आहेत तिथे ही गत. शाळेच्या मैदानावर तंबूत कोण असेल?

आणि आपण तरी काय वेगळे? आमच्या वस्तीतला एक मुलगा दहीहंडीच्या चौथ्या थरावरून पडला, खांद्याचं हाड मोडलं. त्याची आई आमच्या गटात आहे. मी रागावले तर म्हणाली, ‘ताई, खाली उभं राहून टाळ्या तुम्हीपण वाजवल्या की.’ वाजवल्या होत्या.

भाच्याला मी सांगितलं, झेंड्याचं फुटबॉल खेळ. कमरेला पट्टी लावायची, ती ओढली की संपलं, कुणी कुणाला पाडत नाही. मुलीही खेळतात. २०२३ ला मुंबईत ऑलिंपिक समितीची बैठक झाली, तिथेच ते २०२८ च्या लॉस एंजेलिससाठी मंजूर झालं. मी हे सगळं उत्साहाने सांगत होते. तो गप्प. मग म्हणाला, ‘मावशी, तू ते बघतेस का?’

काय सांगणार? नाही बघत.

‘मग दर सोमवारी बघतेस ती कुणाची तरी मुलंच आहेत ना?’ म्हणाला आणि फोन बहिणीकडे दिला. मराठी मोडकी आहे त्याची, पण एवढं वाक्य अगदी सरळ आलं.

यजमान अजून नाराज आहेत, बहीण माझ्यावर खूश. तिचा काल निरोप आला. शाळेचा फॉर्म फ्रिजवर चुंबकाने लावून ठेवलाय, पालकांची सही बाकी आहे. सराव ऑगस्टात सुरू होतो. तो बोलत नाही फारसं, पण रोज संध्याकाळी गॅरेजमध्ये वजनं उचलतोय.