बीसीजीने गमावलेली वाट

वाकोल्याच्या वस्तीत पोटमाळ्यासकट एका खोलीत अख्खं कुटुंब राहतं. अशा घरात कुणाला फुप्फुसाचा टीबी निघाला की बाकीच्यांचीही तपासणी करावी लागते, आणि तिथे जुनी मॉन्टू चाचणी गोंधळात टाकते. हाताच्या कातडीत टोचायच्या तिच्या द्रवात टीबीच्या जिवाणूच्या अनेक प्रथिनांची सरमिसळ असते. त्यांतली बरीच बीसीजी लशीच्या जिवाणूतही आहेत. मग हातावर आलेली गाठ लशीमुळे की संसर्गामुळे?

हा पेच सुटला तो टीबीचा जिवाणू बाहेर धाडतो अशा दोन प्रथिनांमुळे; म्हणून आधी जिवाणू प्रथिनं बाहेर कशी धाडतो ते पाहू.

जिवाणूभोवतीचं पटल मेदाचं असतं. प्रथिनं त्यातून आपोआप पार होत नाहीत. नेहमीची वाट 'सेक' यंत्रणेची. बाहेर जायच्या प्रथिनाच्या सुरुवातीला वीस-तीस अमिनो आम्लांचा संकेत-तुकडा असतो. 'सेक-ए' हे प्रथिन एटीपी हे पेशीचं इंधन खर्चून ती उलगडलेली साखळी पटलातल्या अरुंद छिद्रातून, सुईत दोरा ओवावा तशी, पुढे रेटतं. पलीकडे संकेत-तुकडा कापला जातो आणि मग प्रथिनाला घडी पडते. ज्यांची घडी आतच पडते, त्यांच्यासाठी 'टॅट' ही वेगळी वाट आहे.

टीबीच्या जिवाणूला पटलाबाहेर मेणचट आवरणही असतं. त्याच्याकडे प्रथिनं बाहेर धाडणारी आणखी एक, 'सातव्या प्रकारची' म्हटली जाणारी यंत्रणा आहे: 'ईएसएक्स-१'. तिच्यातून ईसॅट-६ आणि सीएफपी-१० ही प्रथिनं जोडीनेच निघतात. सीएफपी-१०च्या शेपटाकडची खूण यंत्रणेला पटते. आपल्या पांढऱ्या पेशीने जिवाणू गिळला, तरी ज्या पिशवीत तो कोंडलेला असतो ती फोडायला हीच यंत्रणा त्याच्या कामी येते.

काल्मेट आणि गेरँ यांनी १९०८ ते १९२१ गुरांच्या टीबीचा जिवाणू सुमारे २३० वेळा नव्याने वाढवत नेला. त्यात या यंत्रणेची काही जनुकं, या दोन प्रथिनांच्या जनुकांसह, गळून पडली. यातूनच बनलेली बीसीजी सौम्य होण्याचं हे मोठं कारण. मला यातली खरी गंमत वाटते ती अशी, की लशीत जे उरलं नाही तेच पुढे चाचणीच्या उपयोगी पडलं.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या 'साय-टीबी' या चाचणीत फक्त हीच दोन प्रथिनं असतात. ती हाताच्या कातडीत टोचतात आणि ४८ ते ७२ तासांनी गाठ पाहतात. लाली मोजत नाहीत, बोटाला लागणारा टणकपणाच मोजतात. तो ५ मिलिमीटर किंवा जास्त असेल तर टीबीच्या जिवाणूचा संसर्ग झालेला आहे असं मानतात, मग दंडावर बीसीजीचा व्रण असो वा नसो. संसर्ग म्हणजे आजार मात्र नव्हे. लक्षणं विचारून, छातीचा एक्स-रे काढून, गरज पडल्यास थुंकी तपासून आजार नसल्याची खात्री करतात आणि मगच प्रतिबंधक गोळ्या सुरू होतात.