बदामाचा बहर आणि मधमाशांचे आरोग्य

फेब्रुवारी महिन्याच्या मध्यास अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या मध्यवर्ती खोऱ्यात बदामाची झाडे बहरास येतात. या बागांनी १३ लाख एकरांच्या आसपास जमीन व्यापली असून जगातील सुमारे चार-पंचमांश बदाम तेथेच पिकतो. पाने फुटण्यापूर्वीच फुलांनी झाकून गेलेली ही झाडे पाहणाऱ्यास सृष्टीचे सहज वैभव वाटतात. परंतु या फुलांचे बदाम व्हावेत म्हणून जी सिद्धता करावी लागते, ती मुळीच सहज नसते.

बदामाच्या बहुतेक जातींत फूल स्वतःच्याच जातीच्या परागाने फलित होत नाही. म्हणून बागेत भिन्न जातींच्या ओळी आलटून पालटून लावतात, आणि एका ओळीतील पराग दुसरीत नेण्याचे काम मधमाशीवर सोपवितात. दर एकरी साधारणतः दोन मधुपेट्या भाड्याने आणून ठेवण्याची प्रथा आहे. यासाठी देशाच्या कानाकोपऱ्यांतून मधुपाल आपल्या पेट्या मालमोटारींवर लादून आणतात. एकेका मोटारीवर ४०० च्या आसपास पेट्या असतात. फ्लॉरिडाहून निघालेल्या पेट्यांना सुमारे ४,००० कि.मी. प्रवास घडतो. देशातील निम्म्याहून अधिक वसाहती त्या काही आठवड्यांत या एकाच खोऱ्यात गोळा होतात. पुष्कळ मधुपालांचा संसार आज मधापेक्षा या भाड्यावरच अधिक चालतो.

परागसिंचनाचे हे काम माशीस अपायकारक आहे काय? तसे म्हणता येणार नाही. फुलांवर हिंडणे हा तिचा स्वभावधर्म होय, आणि बदामाचा पराग वसाहतीस पोषकही असतो. अपायाचे मूळ शोधावयाचे, तर हे काम कोणत्या रीतीने करविले जाते ते पाहिले पाहिजे.

पहिली गोष्ट ऋतूची. थंड प्रदेशात हिवाळ्यात राणी माशी अंडी घालणे जवळजवळ थांबविते आणि माशा एकमेकींस बिलगून साठविलेल्या मधावर दिवस काढतात. परंतु बागाईतदारास फेब्रुवारीत माशांनी गजबजलेली पेटी हवी असते. म्हणून मधुपाल साखरेचा पाक व परागाऐवजी कृत्रिम खाद्य देऊन वसाहत अकाली वाढवितात. यात एक धोका दडलेला आहे. व्हॅरोआ नावाचा, गोचिडीच्या वर्गातील एक सूक्ष्म परोपजीवी प्राणी माशांच्या शरीरावर पोसतो, आणि त्याची वीण केवळ झाकण घातलेल्या घरांतील पिलांवरच होते. पिले नसलेला हिवाळा त्याच्या वाढीस आळा घालतो. तो विसावा नाहीसा झाला, की व्हॅरोआची वाढ वर्षभर चालू राहते. माशीच्या शरीरातील चरबीयुक्त ऊतक तो खातो, एवढेच नव्हे तर पंख वेडेवाकडे करणाऱ्या विषाणूचा प्रसारही करतो.

दुसरी गोष्ट प्रवासाची. दूरवर वाहून नेलेल्या तरुण माशांच्या डोक्यातील, अळ्यांसाठी अन्नरस निर्माण करणाऱ्या ग्रंथी पुरेशा वाढत नाहीत, असे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात, एका जागी ठेवलेल्या माशांच्या मानाने स्थलांतरित वसाहतींतील माशांचे आयुष्य कमी भरले.

तिसरी गोष्ट गर्दीची. जत्रेत ज्याप्रमाणे एका गावची साथ दहा गावांत पोहोचते, त्याप्रमाणेच येथे घडते. वाट चुकलेल्या माशा परक्या पेटीत शिरतात. सबळ वसाहतीतील माशा दुर्बळ वसाहतीचा मध लुटतात. आणि परतताना व्हॅरोआ व रोगजंतू घरी आणतात. बहर ओसरल्यावर याच पेट्या सफरचंद, चेरी, ब्लूबेरी अशा पिकांच्या मागे दूरदूरच्या राज्यांत जातात. १९८७ साली अमेरिकेत प्रथम आढळलेला व्हॅरोआ थोड्याच वर्षांत देशभर पसरला, त्यास या फिरतीचे मोठे साहाय्य झाले. यात भर पडते ती बहरात फवारलेल्या औषधांची. काही बुरशीनाशके एकेकटी फारशी घातक नसतात, परंतु विशिष्ट कीटकनाशकांशी मिसळली असता अळ्यांचा नाश करतात.

या सर्वांचा परिणाम किती भीषण होऊ शकतो, हे नुकतेच दिसून आले. जून २०२४ ते मार्च २०२५ या अवधीत अमेरिकेतील व्यावसायिक मधुपालांच्या सरासरी ६० टक्क्यांहून अधिक वसाहती नष्ट झाल्याचे पाहणीत आढळले. शासकीय संशोधकांच्या तपासणीत विषाणूंचा मोठा प्रादुर्भाव आणि अमिट्राझ या औषधास न जुमानणारे व्हॅरोआ सापडले. मधुपाल उरलेल्या वसाहती विभागून संख्या पुन्हा भरून काढतात हे खरे. पण ती भर खर्चाची असते, आणि मूळ दुखणे तसेच राहते.

आपल्या देशाशीही या कथेचा संबंध आहे. व्हॅरोआचा मूळ आश्रय ही आशियाई मधमाशी, म्हणजेच महाराष्ट्रात जिला सातेरी म्हणतात ती. दीर्घ सहवासाने सातेरीने त्यास आवरण्याची कला साधली आहे. तिच्या वसाहतीत त्याची वीण बहुधा नरांच्या पिलांपुरतीच मर्यादित राहते. यूरोपीय माशीस अशी तयारी करण्यास अवधीच मिळाला नाही. हिमाचल प्रदेशातही सफरचंदाच्या बहरात मधुपेट्या भाड्याने नेतात. म्हणून कॅलिफोर्नियाचा अनुभव आपणांस परका मानून चालणार नाही.

उपाय नाहीत असे नाही. बदामाच्या ओळींमधून मोहरी किंवा क्लोव्हर पेरल्यास माशांना विविध अन्न मिळते. फवारणी माशा घरी परतल्यावर, रात्री करता येते. पेट्या हलविण्यापूर्वी व्हॅरोआ मोजून त्यांचा बंदोबस्त करता येतो. स्वतःच्याच परागाने फळ धरणाऱ्या बदामाच्या जातीही आता लागवडीत आल्या असून त्यांना कमी पेट्या पुरतात. या प्रत्येक उपायास काही खर्च येतो आणि काही संयम लागतो. आज तो खर्च बहुतांशी एकटा मधुपाल सोसतो, फळ मात्र बागाईतदारास व बदाम खाणाऱ्यासही मिळते. माशीच्या विसाव्याचे मोल त्या दोघांनीही उचलले, तरच पुढील बहरास ती बागेत हजर राहील.