बोंडूचा हिशेब

कोकणची ओळख करून देताना आंबा, काजू, नारळ, फणस ही नावे आपण एका दमात घेतो. परंतु यांपैकी कोणत्या वस्तूचा पैसा गावात राहतो आणि कोणत्या वस्तूसाठी गावचा पैसा घाट चढून जातो, याचा विचार सहसा होत नाही. कॉलेजची पायरी चढणारी आमच्या घरातली मी पहिलीच. ‘अर्थव्यवस्था’ हा शब्द मी येथेच प्रथम ऐकला. शब्द नवा असला तरी त्याचा अर्थ आमच्या परड्यातच मांडून ठेवलेला आहे, हे हळूहळू ध्यानात आले. आमच्याकडे काजूची बी विकतात, बोंडू फेकतात आणि दूध विकत आणतात. या तीन वेगळ्या गोष्टी नसून एकाच हिशेबाच्या तीन ओळी आहेत, असे मला वाटते.

काजूचे झाड मूळचे ब्राझीलचे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते गोव्यात आणले आणि पुढे ते साऱ्या किनाऱ्यावर रुजले. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने ‘वेंगुर्ला 4’, ‘वेंगुर्ला 7’ यांसारख्या जाती दिल्या. 1990 पासून रोजगार हमी योजनेतून फळबागांना अनुदान मिळू लागले आणि भाताला निरुपयोगी अशा वरकस जमिनीवरही काजू उभा राहिला. आज मार्च ते मे या महिन्यांत गावोगावी बिया गोळा होतात आणि व्यापाऱ्याच्या काट्यावर जातात. येथपर्यंत सारे ठीक.

आता बोंडू पाहा. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने काजूची बी हेच खरे फळ. बोंडू म्हणजे फुगलेला देठ. पण या देठाचे वजन बीच्या पाच ते दहा पट भरते! आमच्या घरी हंगामात सुमारे 300 किलो बी होते. म्हणजे कमीत कमी 1500 किलो बोंडू आम्ही झाडाखाली कुजवतो. वास्तविक त्यात ‘क’ जीवनसत्त्व संत्र्याच्या कितीतरी पट असते. अडचण एवढीच, की गळालेला बोंडू दुसऱ्या दिवशी आंबू लागतो, आणि ताजा खावा तर घशाला खरखरतो.

ही आंबण्याची खोड गोव्याने उपयोगात आणली. तेथे पिकून गळालेला बोंडू वेचून, बी वेगळी करून, दगडी कुंडात तुडवतात. उरलेल्या चोथ्याचा ढीग वेलीने आवळून त्यावर धोंडा ठेवतात; रात्रभर जो स्वच्छ रस ठिबकतो तो ‘नीरो’. तुडवलेला रस दोन-तीन दिवस आंबवून भट्टीवर चढवला की पहिल्या उकळीला निघते ती ‘हुर्राक’, आणि पुन्हा उकळल्यावर ‘फेणी’. हुर्राकीत मद्यार्क सुमारे 15 टक्के, तर फेणीत 40 टक्क्यांच्या वर. 2009 मध्ये काजूच्या फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले आणि 2016 मध्ये गोवा सरकारने तिला वारसा पेयाचा मान दिला. तेरेखोलच्या अलीकडे मात्र 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार हेच काम परवान्यावाचून केले तर गुन्हा ठरतो. 2022 मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने काजूबोंडे आणि मोहफुले यांपासून काढलेल्या मद्याला ‘विदेशी मद्य’ हा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. परड्यातला बोंडू असा एकदम परदेशी झाला!

मग आपणही भट्ट्या लावाव्यात काय? येथे मी अडखळते. पैशाच्या दृष्टीने गोव्याचे उदाहरण मोह घालणारे आहे. पण दारूने घर कसे बसते हे पाहिलेल्या बायका आमच्या वाडीत आहेत. ‘आडवी बाटली’ करण्यासाठी मतदानाला उभ्या राहणाऱ्या बायका याच महाराष्ट्रातल्या आहेत. त्यांना वगळून मांडलेला नफ्याचा हिशेब मला पुरा वाटत नाही. शिवाय परवाना, यंत्रे आणि भांडवल ज्याच्याकडे, भट्टी त्याची. वाडीच्या वाट्याला पुन्हा बोंडू वेचण्याची मजुरीच येणार.

सुदैवाने दुसरी वाट आहे. बोंडूच्या रसात साबुदाण्याची पातळ खळ घातली की तुरटपणा तळाशी बसतो. वरचा निवळ रस गाळून, साखर घालून त्याचे सरबत करता येते. यात गूढ काही नाही. अट एकच, की वेचलेला बोंडू त्याच दिवशी पिळला गेला पाहिजे.

आता तिसरी ओळ, दुधाची. रत्नागिरीत पाऊस 3000 मिलिमीटरच्या घरात पडतो, पण जांभ्यातून पाणी झिरपून जाते आणि पावसाळा सरला की सड्यावरचे हिरवे गवत करड होते. ‘कोकण कपिला’ ही आपली काटक, लहान चणीची गाय. उतारावर चरून जगते, पण वासराला पाजून घरच्या चहापुरतेच दूध देते. त्यातच तरुण माणसे मुंबईला, गोठा म्हाताऱ्यांच्या अंगावर. म्हणून कोल्हापूरकडील ‘गोकुळ’, ‘वारणा’ यांच्या पिशव्या रोज आंबा घाट उतरून येतात आणि बियांचे पैसे त्याच घाटाने वर जातात.

नेमक्या वैरणीच्या टंचाईत, एप्रिल-मे महिन्यांत, बोंडूचा चोथा तयार होतो. रस काढल्यावर उरलेला हा चोथा कडक उन्हात वाळवला तर पेंढ्याबरोबर गुरांना थोडा थोडा देता येतो. केवळ त्यावर गाय दुधाला भरणार नाही. पेंड आणि हिरवा चारा लागेलच. पण विकत घ्यायच्या खाद्याचा भार तेवढा तरी हलका होईल.

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी काजूची चार झाडे असतील. दोन-तीन वाड्यांच्या बचत गटांनी मिळून एक दाबयंत्र घेतले, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातून रस टिकवण्याची माहिती घेतली, तर रस, चोथा आणि मजुरी या तिन्हींचा पैसा गावातच फिरेल. बोंडू आंबायला एक दिवस पुरतो. येत्या मार्चच्या आत एखाद्या वाडीत बैठक घेण्याइतके दिवस आपल्या हाती नक्कीच आहेत.